बेदाण्याच्या शेडमधला कंडक्टर

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी तिकीट दिलं. मी दोन बॅगा आणि एक गुंडाळलेली गादी घेऊन अंगणात घामाघूम उभी, आणि समोर हा साठी ओलांडलेला माणूस गळ्यात लाकडी ट्रे अडकवून. त्यांनी ट्रेवर पंच टकटक वाजवला, जुनी लग्नपत्रिका कापून केलेल्या चिटोऱ्याला भोक पाडलं आणि ते माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, "काका, मी खोली बघायला आलेय." ते म्हणाले, "खोली कुटं पळून जातीय व्हय मॅडम? आधी म्युझियम. पुढं सरका."

मी सरकले. नवी नोकरी होती, दुसरीकडे जागा नव्हती आणि गादी जड होती.

सोलापुरापासून तासाभरावर, सीना नदीच्या खोऱ्यात, एका वाइनच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले होते. जिकडे बघावं तिकडे द्राक्षाच्या बागा आणि मध्येच एका उघड्या माळावर हा कारखाना. आई नातेवाइकांना "ज्यूस कंपनीत आहे" असं सांगायची आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. जवळच्या गावात भाड्याने मिळण्यासारखी खोली एकच होती, ती या काकांची. पाहुणे आले आणि काका घरात नसले तर भाडेकरूने म्युझियम दाखवायचं, अशी खोलीची अट होती. ही अट मला सगळं सामान लावून झाल्यावर सांगण्यात आली. माझा स्वभाव तसा तापट आहे, मी भांडलेही, पण काकूंनी तोवर पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवली होती.

काका एसटीत कंडक्टर होते. तिकिटाची मशीनं आली आणि ते रिटायर झाले. दोन्ही गोष्टी योगायोगाने एकाच वेळी झाल्या, पण सांगताना ते "मशीन आलं, मी उतरलो" असंच सांगायचे. नोकरीत असताना गाडी ज्या थांब्यावर थांबेल तिथे उतरून ते आजूबाजूचे दगड बघायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. प्रवाशांनाही त्यांची सवय झाली होती. कुणाला विहीर खणताना खापर सापडलं, कुणाला द्राक्षाच्या मांडवाचे खड्डे घेताना मणी सापडले, की ते फडक्यात बांधून काकांच्या गाडीत आणून द्यायचे. घरात इतकं साठलं की एक दिवस काकूंनी सगळं अंगणात आणून ठेवलं आणि विचारलं, "ह्ये राहणार का मी?" काकांनी विचार करायला वेळ मागितला, हे काकू अजून विसरल्या नव्हत्या. शेवटी दोघं घरात राहिली आणि दगडं बेदाण्याच्या शेडमध्ये गेली.

बेदाण्याची शेड म्हणजे द्राक्षं वाळत घालायची जागा. वर पत्रा, बाजूने हिरवं कापड आणि आत एकावर एक ताणलेल्या तारेच्या जाळ्यांचे मजले. या जाळ्यांवर काकांचं म्युझियम मांडलेलं होतं. जगातली बाकीची म्युझियमं काळानुसार लावतात म्हणे. काकांनी ते एसटीच्या मार्गानुसार लावलं होतं. पहिला मजला सोलापूर-बार्शी, दुसरा सोलापूर-अक्कलकोट, सगळ्यात वरचा वेळापूरकडची गाडी. त्यामुळे दोन हजार वर्षं जुन्या खापराशेजारी इंग्रज साहेबाच्या काळातला कंदील आणि त्याच्या शेजारी दगडी जातं, कारण तिन्ही एकाच थांब्याला सापडलेली. मी एकदा म्हटलं, "काका, काळ तरी लिहा." तर म्हणाले, "काळ माणसाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय मॅडम. थांबा ऱ्हातो." तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. एका खापरावर लिहिलं, "फार जुनं." त्याच्या पुढच्यावर, "त्याहून जुनं." तिसऱ्यावर बराच विचार करून लिहिलं, "हे विचारू नका."

शेडभर एक दोरी ओढलेली होती आणि दोरीच्या टोकाला भंगारातून आणलेली गाडीची घंटा. एक टोला दिला की पाहुण्यांनी थांबायचं, काका माहिती सांगणार. दोन टोले दिले की पुढच्या थांब्यावर सरकायचं. कुणाला एखादी वस्तू जास्त वेळ बघावीशी वाटली तरी चालायचं नाही, कारण मागचे लोक खोळंबतात. मागे कुणी नसलं तरी खोळंबतात. सगळ्यात कळस म्हणजे तिसऱ्या मजल्यापाशी काका खिशातून वेगळी टोपी काढून डोक्यावर घालायचे आणि तिकीट तपासायचे. तेव्हा ते चेकर असायचे आणि ओळख दाखवायचे नाहीत. एका कॉलेजच्या प्राचार्यांनी तिकीट चुरगाळून टाकलं होतं, त्यांना काकांनी सोलापूर स्टँडपासून, म्हणजे शेडच्या दारापासून, परत यायला लावलं. तिकिटाला पैसा पडायचा नाही. मी विचारलं, "फुकट आहे तर तपासता कशाला?" काका माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "मॅडम, फुकट हाय म्हणून कुनीबी कुटंबी चढायचं व्हय?"

उन्हाळ्याच्या तोंडाला काकूंचा बेदाणा शेडवर यायचा. तेव्हा म्युझियम अर्धं बंद आणि अर्धं बेदाण्यात. काकू ओरडायच्या, "तुमची खापरं वर सारा, मला घड टाकायच्यात." काका सारायचे, पण मणी, बांगड्यांचे तुकडे असलं बारीकसारीक हमखास जाळीवर राहून जायचं. त्याच सुमाराला आमच्या कारखान्याचे मोठे साहेब काकांची बाग बघायला आले. चालता चालता त्यांनी जाळीवरचा मूठभर बेदाणा उचलून तोंडात टाकला आणि कटकन आवाज झाला. साहेबांनी गाल धरला. मी पाण्याला पळाले. काका मात्र साहेबांच्या तोंडाखाली ओंजळ धरून उभे राहिले आणि म्हणाले, "थुका. गिळू नगा. सावकाश थुका." साहेब थुंकले. तो मणी धुऊन पुसून परत जागेवर गेला आणि त्याची चिठ्ठी बदलली, "मणी, लाल. दोनदा सापडला." साहेबांच्या दाढेचं पुढे काय झालं, हे काकांनी मला आजतागायत विचारलेलं नाही.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. बागेत प्रत्येक ओळीच्या टोकाला त्यांनी एकेक डबा पुरला होता. पुढच्या लोकांना खणल्यावर काहीतरी सापडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डब्यात टीव्हीचा बिघडलेला रिमोट, चार्जर, छाटणीची मोडकी कात्री, एसटीचा जुना पास, आणि प्रत्येक वस्तूला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी. रिमोटच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "हा देव नाही. टीव्हीचा आहे." मी हसून हसून खाली बसले. काका गंभीर. "हसू नगा. हजार वर्सांनी कुनाला गावला आन् कळलं न्हाय, तर त्याला शेंदूर लावतील की." माझ्याकडे त्यांनी बाईमाणसाची एक वापरातली वस्तू मागितली. मी केसांची क्लिप दिली. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं, "केसांना लावतात. कानाला नाही." ती अजून तिथे जमिनीखाली आहे आणि माझ्याआधी तीच इतिहासात जाणार आहे.

शेंदराचा त्यांना एवढा राग का, हे कळायला मला गावच्या थांब्यावर जावं लागलं. रस्त्याच्या कडेला, काकांच्या बागेच्या बांधाला लागून, कमरेएवढा एक दगड उभा होता. गाव त्याला देव म्हणायचं. पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढून त्याचा नुसता गोळा झाला होता. काकांनी नोकरीतून उतरल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर बांबूच्या काडीने आणि कोमट पाण्याने तो शेंदूर सोडवला. त्याला बरेच महिने लागले. आतून वीरगळ निघाली. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला दगड. त्यावर चित्रांचे थर असतात. खाली मरून पडलेला माणूस, मध्ये तो लढतोय, आणि सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसलाय. काकांना तो दगड म्हणजे जीव की प्राण. शेडमधली सगळी दगडं एकीकडे आणि हा एकटा एकीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून ते एकच गोष्ट सांगायचे की हा देव नाही, माणूस आहे.

आणि घरातच पंचाईत होती, कारण त्या दगडाला शेंदूर लावणाऱ्यांत पहिला नंबर काकूंचा. लग्न होऊन आल्या त्या वर्षी गोठ्यातली गाय आजारी पडली, सासूने त्यांना या दगडाला नवस बोलायला लावलं, गाय उठली. तेव्हापासून दर आमवशेला काकू शेंदूर-तेल घेऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका कोमट पाण्याची बादली घेऊन जायचे. मी राहायला गेले तेव्हा हे बरीच वर्षं चाललेलं होतं आणि दोघांचाही त्यात खंड नव्हता. शेडमध्ये काकांचं भाषण सुरू झालं की काकू मुद्दाम मिक्सर लावायच्या. काका म्हणायचे, "आगं, माणूस हाय त्यो. माणसाला कोन निवद दावतं?" काकू ताटात भाकरी टाकत म्हणायच्या, "तुमाला दावतेच की रोज दोन वेळा."

मग पुरातत्त्व खात्याचं पत्र आलं. रस्ता रुंद होणार होता आणि दगड रस्त्यात येत होता. पत्रात सरळ लिहिलं होतं की दगड पूजेत असेल तर तो गावातच दुसऱ्या जागी बसवला जाईल, पूजेत नसेल तर सोलापूरच्या सरकारी संग्रहालयात नेला जाईल. पाहणीला खात्याच्या एक बाई येणार होत्या. काका पत्र घेऊन दोन दिवस शेडमध्ये बसून राहिले. जेवले नाहीत. दगड आपल्याकडे ठेवायला मागितला, तर खासगी शेडमध्ये ठेवता येत नाही असं उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, त्यो हितं मेला. त्येला सोलापुरात कोन वळखतंय?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

वाट सोपी होती आणि सगळ्या गावाला दिसत होती. दगडाला शेंदूर लावायचा, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि हा आमचा देव आहे असं सांगायचं. सरपंच स्वतः घरी आले. म्हणाले, "आण्णा, एका दिसाचा परश्न हाय. तुमी फकस्त बोलू नगा." काका मान खाली घालून बसले होते. काकू आतून आल्या आणि त्यांनी काकांच्या हातावर एक सुपारी ठेवली. "ही तोंडात धरायची. बाई गाडीत बसूस्तवर काढायची न्हाय." काकांनी सुपारी घेतली. गावाला वाटलं, जमलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी दगडाची ओळख पटत नव्हती. काकूंनी मन लावून शेंदूर थापला होता. हार, लिंबं, उदबत्त्या, समोर नारळांचा ढीग. अख्खं गाव जमलेलं. मी कारखान्यात रजा टाकली होती. काका बांधावर उभे, एक गाल फुगलेला. जीपमधून बाई उतरल्या, तिशीच्या असतील, शांत, हातात फॉर्म. त्यांनी दगडाला नमस्कार केला आणि विचारलं, "कुठला देव म्हणायचा हा?" हे कुणी ठरवलंच नव्हतं. सरपंच म्हणाले म्हसोबा, त्यांचा चुलता म्हणाला बिरोबा, आणि मागून कुणीतरी मारुती म्हणालं. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण त्या भल्या होत्या. म्हणाल्या, "असू दे. नावं अनेक असतात," आणि फॉर्मवर लिहायला लागल्या. मी अगदी जवळ होते. 'पूजेत आहे' असं त्यांनी लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलं. दगड गावात राहिला होता. काम झालं होतं.

फॉर्म मिटताना बाई सोबतच्या माणसाला सहज म्हणाल्या, "आकारावरून वीरगळ वाटते. असेल कुठल्यातरी राजाचा शिपाई."

मी काकांकडे बघितलं. त्यांचा गाल हलला. एकदा, दोनदा. काकूंनी डोळे वटारले. आणि सुपारी बाहेर आली.

"शिपाई न्हाय."

सरपंचांनी कपाळाला हात लावला. काका बांधावरून उतरून दगडापाशी आले होते. "मॅडम, राजासाठी न्हाय मेला. त्येला राजा म्हाईत बी नसंल. गावची जनावरं पळवून नेत व्हते, ती आडवायला गेला. हितं बघा, गाई बघा की." पण गाई दिसत कुठे होत्या, त्यांच्यावर बोटभर शेंदूर. काकांनी डोक्याची टोपी काढली आणि तिने पुसायला सुरुवात केली. पांढरी टोपी लाल झाली. एक शिंग दिसलं, मग वशिंड, मग शेपूट. बाई खाली बसल्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि त्याही पुसायला लागल्या. काका सांगत होते आणि त्या बघत होत्या. दोघांनाही गावाचा विसर पडला होता. सगळा माणूस पुसून झाल्यावर बाई उठल्या आणि त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, मला लिहायचंय म्हणून विचारते. हा देव आहे की माणूस?"

त्यांनी मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं. देव म्हटलं असतं तरी त्यांनी तसंच लिहिलं असतं, हे मलाही कळलं आणि काकांनाही कळलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. काकू पण. काकूंना कुणापुढे गयावया करताना मी तेवढं एकदाच बघितलं, आणि तेही नुसत्या डोळ्यांनी. काका बराच वेळ टोपी पिळत राहिले.

"माणूस हाय, मॅडम," ते म्हणाले. "देव आसता तर मरन्यात काय विशेष? देवाला काय हुतंय. ह्येला घर आसंल. बायकू आसंल. तरी गेला. आन् मी त्येला देव म्हनलं, तर त्येनं केलेलं समदं पुसलं गेलं की."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. खोडताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं. मला काकांना बदडून काढावंसं वाटत होतं. एवढं खरं बोलायची गरज काय होती या माणसाला, तेही सुपारी थुंकून.

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. द्राक्षाच्या पेटीत घालतात त्या कागदाच्या कातरणात दगड निजवला. काका त्याच्या बाजूला चढून बसले. ड्रायव्हर इशाऱ्याची वाट बघत होता आणि काकांचा हात पत्र्यापर्यंत जाऊन परत येत होता. आयुष्यभर हजारो गाड्या सोडलेला हा माणूस, त्याला ही एक गाडी सोडवेना. शेवटी सरपंचांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

त्या दिवसापासून काकू काकांशी बोलायच्या बंद झाल्या. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं नाही. "पोरी, त्यांना सांग भाकरी झालीय," असं त्या मला सांगायच्या आणि काका तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. काका म्हणायचे, "मॅडम, तिला सांगा, वाढ म्हनावं." मी एकदा वैतागून म्हटलं, तुम्हा दोघांना पोस्टमनच पाहिजे असेल तर मला खोलीचं भाडं माफ करा. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी वेडंवाकडं बोललेय. महिन्याभरात मला सोलापुरात अन्नतपासणीच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि मी गाव सोडलं. माझ्यामागे काकू भिंतीला सांगून निरोप द्यायच्या, असं नंतर कळलं. गावही काकांवर फुगलेलं होतं. शेडमध्ये कुणी फिरकेना. घंटा गप्प झाली.

काका दर बुधवारी सोलापूरला यायचे. रिटायर झालेल्याचा पास होता. सात रस्त्याजवळ माझ्या घरी उतरायचे, पाणी प्यायचे आणि संग्रहालयात जाऊन दगडासमोर बसायचे. आत हॉलमध्ये त्याला चांगली जागा दिली होती, खाली दगडी चौथरा, वर दिवा. एका बुधवारी मला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर गेले. दारातल्या पहारेकऱ्याने काकांना बघितलं आणि अभिप्रायाची वहीच पुढे केली. "काका, तुमच्या गावानं आमची वही भरवली. काय भानगड हाय?"

काकांनी चष्मा लावला. गावचे लोक कोर्टाला यायचे, दवाखान्याला यायचे, बाजाराला यायचे, आणि काकांना न सांगता दगड बघून जायचे. एकाने लिहिलं होतं, "आमचा माणूस बघितला. जागा चांगली आहे. पंखा नाही." दुसऱ्याने लिहिलं होतं, "प्रकृती बरी वाटली." सरपंचांनी सहीशिक्का ठोकून लिहिलं होतं, "गावच्या इसमाची व्यवस्था समाधानकारक." मी मोठ्याने हसले. काका हसले नाहीत. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. अक्षर मोठं, वाकडं, हळूहळू काढलेलं. भाकरीच्या पिठाच्या डब्यावर मी ते अक्षर रोज बघितलं होतं. "आमच्या माणसाला भेटले. बारीक झालाय."

शेंदूर गेला की बारीक दिसणारच, हे काका एरवी तावातावाने म्हणाले असते. आज ते ती ओळ बोटाने पुन्हा वाचत होते.

पहारेकरी म्हणाला, "हे लिवलेल्या बाई परवा आलत्या. कॉलेजची पोरं त्या दगडापाशी फोटो काढत हुती. त्यांना आडवलं आन् समदं समजावून सांगितलं. खाली कोन पडलंय, मदी कोन लढतंय, कशापायी मेला, समदं. तुमी सांगता त्या शब्दात. पोरं गप उभारून ऐकत हुती. कुटं शिकल्यात हो त्या?"

"घरी," काका म्हणाले.

मग त्यांनी वही मिटली. "गाई किती सांगितल्या?"

"सात."

"आठ हायत."

ते मला हाताला धरून दगडापाशी घेऊन गेले. आठवी गाय अगदी कडेला होती, पडलेल्या माणसाच्या डोक्यामागे, नुसते मागचे दोन पाय आणि शेपूट. दाखवल्याशिवाय कुणाला दिसली नसती. काका तिच्याकडे बघत उभे राहिले, नाक ओढलं, आणि तसेच बाहेर आवारात गेले. खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे मलाही ऐकू आलं. काकूंनी फोन उचलला, पण हॅलो म्हणाल्या नाहीत. तीन महिने झाले होते.

"आठ गाई हायत," काका म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग काकू म्हणाल्या, "म्हाईत हाय."

"मग सात का सांगितल्या?"

"समदं मीच सांगितल्यावर तुमी काय सांगणार? एक ठिवली तुमच्यासाठी."

काका फोनकडे बघत राहिले. त्यांचा चष्मा धुरकट झाला होता आणि तो पुसायला त्यांना हात सापडत नव्हता. पलीकडून काकूंचा आवाज आला, मला नाही, भिंतीला नाही, सरळ त्यांनाच.

"जेवलात का?"